हिशेबातून निसटणारं वर्ष

‘यंदा कारवी फुललीय का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, ‘कुठली?’ कारण सह्याद्रीतली सगळी कारवी एकाच साली फुलत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली २००८ साली फुलली, मग २०१६ साली, मग २०२४ साली. घाटातल्या दुसऱ्या एखाद्या डोंगराचं साल वेगळं असतं. एका डोंगरापुरती मात्र शिस्त कडक. उतारच्या उतार एका पावसाळ्यात फुलतो, बी धरतो आणि मरतो.

आता वरच्या तीन सालांमधलं अंतर मोजून बघा. आठ वर्षं येतं. आणि आपल्याकडे तर लहानपणापासून ऐकलेलं असतं, कारवी सात वर्षांनी फुलते. दोन्ही खरं आहे. २०१६च्या पावसाळ्यात फुललेल्या कारवीचं बी त्याच साली रुजत नाही. ते वाळत चाललेल्या बोंडांत, मेलेल्या झाडावरच उन्हाळा काढतं आणि २०१७च्या पावसात रुजतं. तिथून पुढे सात वर्षं मोजायची. मधलं जे एक वर्ष उरतं, जुनी पिढी मेलेली आणि नवी अजून मातीतून वर न आलेली, ते कुणाच्याच बोलण्यात येत नाही. मला लिहायचं आहे ते त्या वर्षाबद्दल. पण त्याची किंमत कळायला कारवीच्या शेजारी तिची दक्षिणेकडची बहीण आणून उभी करावी लागेल.

ही बहीण म्हणजे नीलकुरिंजी. निलगिरी, पळणी, अन्नामलाई या डोंगररांगांच्या माथ्यावर राहणारी, बारा वर्षांनी फुलणारी. तिच्या फुलोऱ्यांची साखळी १८३८ सालापर्यंत मागे नेता येते. १८३८, १८५०, १८६२ असं बारा-बाराच्या पावलांनी चालत आलं की २००६ आणि २०१८ लागतात, आणि पुढचं पाऊल २०३० साली पडायचं आहे. मुन्नारच्या बाजूला राहणारे मुथुवन आदिवासी माणसाचं वय कुरिंजीच्या फुलोऱ्यांवरून सांगत आले आहेत. तमिळ संगम काव्यात तर डोंगराळ मुलुखाचं नावच ‘कुरिंजी’ आहे आणि त्या मुलुखाचा देव मुरुगन. कोडाईकॅनॉलला ‘कुरिंजी आंडवर’ म्हणून त्याचं देऊळ आहे. आपल्या कारवीच्या वाट्याला एवढा मान आला नाही. तिच्या वाट्याला आली घराची भिंत.

दोघींचं कूळ एक, अ‍ॅकँथेसी. अडुळसा, अबोली आणि कोरांटी ज्या घरातल्या, त्याच घरातल्या या दोघी. गंमत अशी की दोघींना शास्त्रीय नाव देणारा माणूसही एकच. नीस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ साली, एकाच ग्रंथात, दोघींची वर्णनं प्रसिद्ध केली. पण कारवीला त्याने ‘स्ट्रोबिलँथस’ या प्रजातीत बसवलं आणि कुरिंजीसाठी ‘फ्लेबोफायलम’ हे वेगळं घर काढलं. पुढे कुरिंजीही स्ट्रोबिलँथसमध्ये आली. मग १९४४ साली ब्रेमेकॅम्प या डच अभ्यासकाने या अवाढव्य प्रजातीची पन्नासहून अधिक तुकड्यांत फाळणी केली. त्याचा मुख्य आधार होता परागकण. या गटातल्या परागकणांच्या पृष्ठभागावर इतकी विविध नक्षी असते की सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला त्यांची वेगवेगळी घरं करावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. त्या फाळणीत कुरिंजी पुन्हा फ्लेबोफायलममध्ये गेली आणि कारवीच्या वाट्याला ‘कार्विया’ ही स्वतंत्र प्रजाती आली, सरळ आपल्या मराठी नावावरून घेतलेली. नंतरच्या अभ्यासकांना ही घरं एकमेकांत इतकी मिसळलेली दिसली की त्यांनी भिंती पाडल्या आणि बहुतेक सगळ्यांना पुन्हा स्ट्रोबिलँथसच्या छपराखाली आणलं. जुन्या वनस्पतिसूचींत आणि काही संकेतस्थळांवर अजूनही तिन्ही नावं भेटतात. एकाच झाडाबद्दल वाचतोय की दोन, असा गोंधळ वाचणाऱ्याचा होतो तो त्यामुळे.

मला स्वतःला दोघी एका छपराखाली असलेल्या आवडतात. परागकणांबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. पण ज्या दोन झाडांनी आयुष्य जगायची इतकी विलक्षण रीत सारखी पत्करली, त्यांचं नातं नावातही दिसावं असं वाटतं. स्ट्रोबिलँथसच्या सगळ्याच जातींची ही रीत नाही. दरवर्षी फुलणाऱ्याही पुष्कळ आहेत. आयुष्यभर पानं-फांद्या वाढवायच्या, एकदाच फुलायचं, तेही आजूबाजूच्या सगळ्यांबरोबर, आणि संपायचं, हे काही मोजक्या जातींनी स्वीकारलं आहे. कासच्या पठारावर गोल टोपल्या उपड्या घातल्यासारखी दिसणारी टोपली कारवी त्यांतलीच.

हातात घेतल्यावर दोघींमधला फरक लगेच कळतो. कारवीचं पान तळहाताहून मोठं, खरखरीत, कडेला दाते आणि शिरा इतक्या ठसठशीत की बोट फिरवून मोजाव्यात. झाड पुरुषभर उंच, सावलीच्या ओलसर उतारावर त्याच्या दुप्पटही जातं. फुलं जांभळी-निळी, घंटेसारखी, आणि ज्या कणसावर ती येतात ते केसाळ आणि चिकट. एकदा त्याला हात लागला की तो उग्र वास बोटांवर बराच वेळ राहतो. कुरिंजी त्या मानाने छोटी, गुडघ्याच्या आगेमागे. एकटं झाड पाहिलं तर ‘हिच्यासाठी एवढ्या लांब आलो?’ असं एखाद्याला वाटावं. पण कुरिंजी एकटी पाहायचीच नसते. २०१८ साली केरळातला पूर ओसरल्यावर मी मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या गवताळ उतारांवर गेले होते. वाटेत जागोजागी खचलेले रस्ते, पर्यटक तुरळक. धुकं वर सरकलं आणि समोरचा अख्खा डोंगर निळसर-जांभळा झालेला दिसला. जवळ गेल्यावर कळलं की तो रंग नुसता डोळ्यांना दिसत नव्हता, ऐकूही येत होता. प्रत्येक झुडपावर मधमाश्या होत्या आणि त्यांची गुणगुण उतारभर सलग भरून राहिली होती. निलगिरी ताहर या डोंगरी बकऱ्यांचा एक कळप त्या निळाईत मान खाली घालून चरत होता.

आता राहायच्या जागा. दोघींच्या नशिबातला फरक इथूनच सुरू होतो.

कारवी सह्याद्रीच्या उतारांवर सगळीकडे आहे. कोकणातल्या टेकड्यांपासून घाटमाथ्याच्या जंगलापर्यंत, झाडांच्या सावलीत आणि उघड्या कड्यांवरही. पावसाळ्यात ती गच्च हिरवी, आणि पाऊस संपून ऊन तापायला लागलं की पानं झडून नुसत्या काठ्या. घसरड्या वाटेने डोंगर चढणाऱ्याला हाताशी धरायला कारवीच असते आणि तिच्या मुळांनी धरलेली माती तिच्या उतारावरून सहसा सुटत नाही. त्या काठ्या सरळ, हलक्या आणि चिवट. त्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, की झाला कूड. वारली, ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या घरांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या अशाच उभ्या राहिल्या. जगभर गेलेली वारली चित्रं मुळात काढली गेली ती अशा कारवीच्या कुडावर, हे त्या चित्रांकडे पाहताना फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

कुरिंजीचं घर फार चिंचोळं. साधारण तेराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या पट्ट्यातली गवताळ कुरणं. तिथे घळींमध्ये बुटक्या, दाट झाडांची ‘शोला’ जंगलं असतात आणि त्यांच्या मधल्या उघड्या पाठींवर गवत. दोन डोंगरमाथ्यांच्या मध्ये खोल दऱ्या, म्हणजे एका माथ्यावरची कुरिंजी दुसऱ्या माथ्यावर सहजी जाऊ शकत नाही. समुद्रातली बेटं असावीत तशी ही कुरणं हवेत तरंगत असतात. इंग्रज वनाधिकाऱ्यांना त्या गवतात पडीक जमीन दिसली. झाडं नाहीत म्हणजे इथलं जंगल कुणीतरी तोडलं असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मग तिथे चहा आला, निलगिरी म्हणून आपण ओळखतो ते युकॅलिप्टस आलं, पाइन आलं आणि ऑस्ट्रेलियातला वॅटल आला. स्वातंत्र्यानंतरही ही लागवड चालू राहिली. निलगिरी डोंगरातल्या पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांमधल्या कार्बनचा अभ्यास १९९३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. गवत आणि झाडं तिथे वीस हजार वर्षांपासून हवामानाप्रमाणे मागेपुढे सरकत आली आहेत, हे त्यातून दिसलं. म्हणजे ते गवत कुणाच्या कुऱ्हाडीमुळे आलेलं नव्हतं. पण हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. एकट्या पळणी डोंगरात १९७३ ते २०१४ या काळात गवताळ कुरणांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाहीशी झाली, बहुतांशी या लावलेल्या झाडांनी आणि शेतीने. वॅटल तर लावायचं थांबवलं तरी थांबत नाही, ते आपलं आपण पसरतं.

मला याचा फार राग येतो. जंगलतोड दिसते, तिच्याविरुद्ध लोक उभे राहतात. पण झाडं लावून एखादं झुडूप मारलं तर तो गुन्हा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. उलट वृक्षारोपणाचे फोटो निघतात.

२०२४ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, नीलकुरिंजीला लाल यादीत ‘व्हल्नरेबल’ या वर्गात घातलं. धोक्याच्या तीन पायऱ्यांपैकी ही पहिली. निकष होता ए२सी. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की मागच्या तीन पिढ्यांत तिची संख्या किमान तीस टक्के घटली असावी, हे तिच्या अधिवासाच्या ऱ्हासावरून ठरवलं, आणि घटीची कारणं अजून थांबलेली असतीलच असं नाही. इथे ‘तीन पिढ्या’ या शब्दांवर जरा थांबायला हवं. बारा वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झाडाची एक पिढी म्हणजे बारा वर्षं, तीन पिढ्या म्हणजे छत्तीस. एवढ्या काळात कुरिंजीला बी टाकायची संधी मिळते फक्त तीनदा. दरवर्षी फुलणाऱ्या रोपाला तेवढ्यात छत्तीसदा मिळते. एखादं वर्ष फुकट गेलं तर त्याला पुढचं वर्ष आहे. कुरिंजीचं एक वर्ष फुकट गेलं तर त्या माथ्यावर पुढचं काही नाही, कारण आईबाप मेलेले आहेत.

कारवीच्या नावापुढे असा धोक्याचा शिक्का नाही, आणि आज तो लावावा असंही मी म्हणणार नाही. तिचा मुलूख मोठा आहे, ती अनेक राखीव जंगलांत सुरक्षित आहे आणि उंचीचं बंधन तिला नाही. शिवाय प्रत्येक डोंगराचं साल वेगळं असल्यामुळे, एका डोंगरावर एखाद्या वर्षी काही विपरीत घडलं तरी शेजारचा डोंगर वाचतो. माझी तक्रार लाल यादीशी नाही. लाल यादी संपूर्ण जातीबद्दल बोलते. आपलं नातं असतं ते एका डोंगराशी. जात सुरक्षित राहून एखाद्या डोंगरावरची कारवी कायमची जाऊ शकते, आणि तिचं जाणं कुठल्याही यादीत उमटणार नाही.

ती जाते कशी, हे कळायला तिच्या बीकडे बघावं लागतं. फुलोरा संपला की कणसांत लहान लहान बोंडं धरतात. वाळलं की बोंड लाकडासारखं टणक होतं. आतल्या प्रत्येक बीखाली एक बारीक आकडा असतो, अ‍ॅकँथेसी कुळातल्या बहुतेकांची ही खूण. कोरांटीचं बोंड फोडून पाहा, त्यातही तो दिसेल. बोंडाच्या दोन फाका ताणलेल्या अवस्थेत एकमेकींना धरून असतात. एके क्षणी त्या उकलतात आणि आकडा बीला गोफणीतल्या दगडासारखा भिरकावतो. शांत दुपारी कारवीच्या मेलेल्या रानात उभं राहिलं तर चारही बाजूंनी ‘फट्, फट्’ असा आवाज येत राहतो. मध्येच एखादं बी पाचोळ्यावर पडल्याचं ऐकू येतं. आकाराने ते चपटं, एवढंसं, बोटाच्या पेरावर सहज मावेल असं.

एवढं बी एकाच वेळी कशासाठी? याचं एक उत्तर असं दिलं जातं, की बी खाणाऱ्यांना पोटभर वाढूनही उरावं म्हणून. उंदीर, किडे, रानकोंबड्या यांना आठ किंवा बारा वर्षं काहीच मिळालं नाही तर त्यांची संख्या या बीच्या भरवशावर वाढत नाही. मग अचानक इतकं मिळतं की खाऊन संपत नाही. स्ट्रोबिलँथसचं बी पडलं की करड्या रानकोंबड्या लांबलांबून जमतात, हे पक्ष्यांच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. बांबूबद्दलही हेच म्हटलं जातं. मला हे उत्तर पटतं. पण त्यातच या झाडांचा दुबळेपणा लपलेला आहे. उंदराला पुरून उरण्याची तयारी त्यांनी लाखो वर्षांत केली. आगीला आणि बुलडोझरला पुरून उरण्याची तयारी त्यांच्याकडे नाही.

आता ते वर्ष डोळ्यांपुढे आणा. फुलोऱ्याच्या काळात डोंगरावर गाड्यांची रांग लागली होती. कॅमेरे होते, बातम्या होत्या, मधपेट्यांमध्ये दाट गडद मध भरत होता. वनखात्याचे रक्षक फुलं तोडणाऱ्यांना हटकत होते. दिवाळी झाली आणि सगळं संपलं. जानेवारीत तिथे काय दिसतं? करडा, वठलेला, किडक्या काठ्यांचा उतार. बघणाऱ्याला वाटतं, मेलंय सगळं. आणि नेमकं तेव्हाच त्या उताराचं सगळं भविष्य त्या काठ्यांच्या टोकांवर, उघड्यावर टांगलेलं असतं. एरवीच्या वर्षी वणवा लागला तर निदान मुळं जमिनीत जिवंत असतात. या वर्षी मुळं मेलेली आणि बी अजून वर. शिवाय वाळलेल्या कारवीइतकं जळायला उत्सुक दुसरं काही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला काडी लावायची आपल्याकडची जुनी खोड, बिडीचं थोटूक, रात्रीच्या शेकोटीतला निखारा, काहीही पुरतं. मी असा एक उतार पाहिला आहे, जिथे फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात ‘मोकळी जागा’ म्हणून काठ्या काढून ओळीने खड्डे खणले होते. पावसाळ्यात तिथे शोभेची झाडं लागली. कारवी त्या पट्ट्यात पुन्हा आली नाही. दोन्ही बाजूंना मात्र ती तळहाताएवढी रोपं होऊन दाटीवाटीने वर आली होती, त्यामुळे मधला पट्टा आणखीच उघडा दिसत होता.

कुरिंजीच्या बाबतीतही लक्ष जातं ते फुलोऱ्याच्याच साली. तिचं पोस्टाचं तिकीट निघालं २००६ साली. इडुक्की जिल्ह्यात तिच्यासाठी ‘कुरिंजीमला’ हे अभयारण्य जाहीर झालं, तेही २००६ सालीच. सुमारे बत्तीस चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र मिळवायला ज्यांनी वर्षानुवर्षं कोडाईकॅनॉल ते मुन्नार पायी चालत लोकांना जागं केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. त्यांनी मधली, काहीच न फुलणारी वर्षंही वाया जाऊ दिली नाहीत. सरकारी वेग मात्र फुलांबरोबर वाढतो आणि फुलांबरोबर गळतो. २००७ साली, २०१९ साली त्या उतारांवर किती बी रुजलं, हा प्रश्न बातमीत आला नाही. खरं तर लाल यादीतली पुढची पायरी त्या उत्तरावरच ठरणार आहे.

२०३० साली कुरिंजी फुलेल तेव्हा गर्दी होणार, याची काळजी करायला नको. गर्दीसाठी बस लागतील, तिकिटं लागतील, सगळं लागेल. मला हवं आहे ते डिसेंबर २०३० ते जून २०३१ या काळासाठी. त्या प्रत्येक कुरणाभोवती हिवाळ्यातच जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढलेल्या असाव्यात. पाऊस पडेपर्यंत तिथे एकाही खड्ड्याची कुदळ पडू नये. वॅटलची रोपं उपटायला माणसं तेव्हाच लावावीत, कारण कुरिंजीचं बी रुजायच्या आत मिळालेली मोकळी जमीन पुढची बारा वर्षं टिकते.

आणि कारवीसाठी तर कुणाच्या आदेशाचीही वाट बघायला नको. आपापल्या गावामागच्या डोंगराची एक वही ठेवायची. कारवी फुलली ते साल आपल्याला बहुधा ठाऊक असतंच. त्याच्यापुढे आणखी दोन रकाने आखायचे, बोंडं फुटायला लागली तो महिना आणि पुढच्या पावसात रोपं कुठपर्यंत आली ती हद्द. मुंबईच्या टेकड्यांचा पुढचा फुलोरा या हिशेबाने २०३२ साली यायला हवा. तिसरा रकाना भरायला २०३३च्या जुलैत, चिखलात, फुलं नसताना जावं लागेल. मी जाणार आहे.